चौसाळ्याला आली स्कीची हुक्की!

डिसेंबर लागला की चौसाळ्याच्या शिवारात दोन गोष्टी हमखास पेटतात. पहाटेची शेकोटी आणि हुरड्याची आगटी. तिसरी पेटते ती मोबाइलच्या स्क्रीनवर! कुणाचा तरी मामेभाऊ गुलमर्गला गेलेला असतो. पायांना लांबलचक पट्ट्या, डोळ्यांवर गॉगल, आणि पठ्ठ्या पांढऱ्याशुभ्र उतारावरून सुसाट! त्याचं स्टेटस बघणाऱ्याला इकडे स्कीची हुक्की येते. आली ना तुम्हालाही? मग गोधडी ओढा अन् बसा. आजचा माल एकदम चिल्ड आहे!

पहिला नग घरचाच. माहीत आहे का, चौसाळ्यावरून जाणारा 52 नंबरचा राष्ट्रीय महामार्ग निघतो कुठून आणि पोचतो कुठे? एक टोक कर्नाटकात, अंकोल्याला, समुद्राजवळ. दुसरं टोक थेट पंजाबात, संगरूरला! सोलापूर, बीड, छत्रपती संभाजीनगर, धुळे, इंदूर, कोटा, जयपूर, हिसार करत हा पठ्ठ्या हिमालयाच्या दिशेनेच धावतो. म्हणजे मांजरसुंब्याचा घाट उतरलात की निम्मं मन हिमाचलात पोचलंच समजा.

रस्ता लांबचा वाटतो? मग रुळावर या. 2025 साल विसरू नका. 6 जूनला कटरा ते श्रीनगर वंदे भारत सुरू झाली आणि काश्मीर खोरं देशाच्या रेल्वेजाळ्याला जोडलं गेलं. त्यानंतर तीन-साडेतीन महिन्यांत, 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या मुहूर्तावर बीड ते अहिल्यानगर रेल्वे धावली. पिढ्यान् पिढ्या जिची वाट बघितली ती शिट्टी बीडकरांनी अखेर ऐकली. बीडची गाडी आणि श्रीनगरची गाडी, दोघींचं बर्थ-इयर एकच!

आता नकाशा काढा. चौसाळ्याहून लालपरीने बीड. बीडहून रेल्वेने अहिल्यानगर. तिथे पुण्याहून जम्मूला जाणारी झेलम एक्स्प्रेस पकडायची. जम्मूहून कटरा, कटऱ्याहून वंदे भारत, खिडकीतून आयफेल टॉवरपेक्षा उंच असा चिनाबचा पूल, मग श्रीनगर. पुढे टंगमर्गवरून गुलमर्ग, साधारण 50 किलोमीटर. विमानात न बसता बालाघाटातून बर्फात!

गुलमर्ग: उंची है तो मुमकिन है

कळसूबाई किती उंच? 1,646 मीटर. महाराष्ट्रात याहून वर काहीच नाही. आणि गुलमर्गचं नुसतं मैदान किती उंचावर? सुमारे 2,650 मीटर! आपलं शिखर जिथे संपतं, त्याच्या हजार मीटर वर त्यांचं मैदान सुरू होतं.

तिथून गंडोला, म्हणजे बंद डब्यांचा रोपवे, तुम्हाला आणखी वर नेतो. पहिला टप्पा 1998 मध्ये सुरू झाला, कोंगडोरीपर्यंत. दुसरा 2005 मध्ये, अफरवट पर्वताच्या खांद्यापर्यंत. हा खांदा चार हजार मीटरच्या अगदी जवळ आहे. त्या उंचीवर हवेचा दाब इतका उतरतो की प्रत्येक श्वासात समुद्रकाठच्या तुलनेत 40 टक्क्यांच्या आसपास कमी ऑक्सिजन मिळतो. म्हणून वर पोचल्या पोचल्या धावत सुटायचं नाही, हळू! सेल्फी पळून जात नाही.

माहीत आहे का, भारतात स्कीइंग किती जुनं? गुलमर्गला स्की क्लब ऑफ इंडिया निघाला 1927 साली, ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांच्या पुढाकाराने. तेव्हा ना गंडोला, ना लिफ्ट. स्की खांद्यावर टाकायच्या, तास-दोन तास डोंगर चढायचा आणि काही मिनिटांत खाली यायचं. दिवसभराची मेहनत, चिमूटभर घसरण, तरी खूश!

स्वातंत्र्यानंतर लगेच, 1948 मध्ये, लष्करानेही गुलमर्गला स्की शाळा काढली. तीच वाढत वाढत आजचं हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल झाली. बर्फात चालणं, चढणं, लढणं आणि जिवंत राहणं, सगळं इथे शिकवतात.

आणि काश्मिरी थंडीचं वेळापत्रक? ते तर भन्नाट. 21 डिसेंबरपासून 40 दिवस 'चिल्लई कलां', मग 20 दिवस 'चिल्लई खुर्द', मग 10 दिवस 'चिल्लई बच्चा'. चाळीस, वीस, दहा. आजोबा, बाबा, बाळ! यांतले आजोबा सगळ्यात कडक. त्या काळात माणसं फेरनच्या, म्हणजे पायघोळ झग्याच्या, आत कांगडी घेऊन फिरतात. वेताच्या टोपलीत मातीचं भांडं, भांड्यात निखारे. शेकोटीजवळ जायची गरजच नाही, शेकोटीच सोबत येते.

बीडचा गडी, सियाचिनची थंडी

हा नग वाचताना कॉलर ताठ करा.

अविनाश साबळे. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा पोरगा. लहानपणी शाळेसाठी रोज मैलोन् मैल पायपीट, मग सैन्यात महार रेजिमेंट. माहीत आहे का, 3,000 मीटर स्टीपलचेसमध्ये देशाचं नाव गाजवण्याआधी हा गडी कुठे तैनात होता? सियाचिनला! जगातली सर्वांत उंच रणभूमी. नंतर राजस्थानचं वाळवंट, मग सिक्कीम. खरी धावपळ सुरू झाली ती त्यानंतर.

पुढचं सगळ्यांना पाठ आहे. 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, 2024 च्या जुलैत पॅरिस डायमंड लीगमध्ये 8 मिनिटं 9.91 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम, आणि पुढच्याच महिन्यात त्याच पॅरिसमध्ये ऑलिंपिकची अंतिम फेरी. या शर्यतीत अंतिम फेरी गाठणारा पहिला भारतीय पुरुष बीड जिल्ह्याचा! दुष्काळी माळावर वाढलेलं शरीर हिमनदीवरही टिकलं. बीडच्या मातीला बर्फ झेपतो का, असं आता कुणी विचारूच नये.

मराठवाडा इथेच थांबत नाही बरं. संभाजीनगरच्या पोलीस दलातले रफिक शेख 2016 मध्ये एव्हरेस्टवर पोचले आणि मनीषा वाघमारे 2018 मध्ये.

आता विज्ञान! स्की करताना शरीराचा कुठला भाग सगळ्यात आधी बोंब मारतो? मांड्या. गुडघे वाकवून, वजन किंचित पुढे झुकवून तासन् तास उभं राहायचं, म्हणजे तालमीतली अर्धी बैठक मारून थांबल्यासारखंच. आणि तालमीचा विषय निघाला की पाटोद्याचा राहुल आवारे आठवणारच! 2018 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण, 2019 च्या जागतिक स्पर्धेत कांस्य. ज्या जिल्ह्यात असे पैलवान घडतात, तिथल्या पोरांना स्कीसाठी जिम लावायची गरज नाही. रोजच्या जोर-बैठका सुरू ठेवा, तिकीट काढा.

महाराष्ट्र आणि बर्फ? होय, टॉपला!

माहीत आहे का, 2024 च्या खेलो इंडिया विंटर गेम्समध्ये लेहचा टप्पा संपला तेव्हा पदकतक्त्यात पहिलं राज्य कोणतं होतं? लडाख? नाही. हिमाचल? नाही. महाराष्ट्र! जिथे बर्फ फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर दिसतो, ते राज्य आइस स्केटिंगमध्ये अव्वल!

गुपित चाकांत आहे. आपल्याकडे शहरोशहरी रोलर स्केटिंगचे क्लास चालतात. पार्किंगमध्ये, शाळेच्या कोर्टवर, जिथे गुळगुळीत जागा मिळेल तिथे. तोल सांभाळणं, वळणावर झुकणं, जोरात रेटा मारणं, सगळं चाकांवर शिकून झालेलं असतं. मग चाकं काढायची, पातं लावायचं. बर्फावर सवय व्हायला थोडा वेळ जातो, पण पाया पक्का असतो. तुमचं लेकरू घरासमोर स्केट्स घालून खडखडाट करत असेल तर ओरडू नका. लेह तिथूनच सुरू होतं.

पण सराव कुठे करायचा? इथे थोडं थांबू, कारण ही गोष्ट मनाला लागते. 2011 मध्ये पहिले दक्षिण आशियाई हिवाळी खेळ डेहराडून आणि औलीला झाले. त्यासाठी डेहराडूनला मोठी इनडोअर रिंक बांधली. स्पर्धा झाली, आणि मग ती रिंक वर्षानुवर्षं बंद! मुलं मॉलमधल्या छोट्या रिंकवर गोल गोल फिरत राहिली. 2025 मध्ये ती पुन्हा सुरू झाली, हे फार म्हणजे फार चांगलं झालं. मोठी रिंक हातात नसताना आपल्या पोरांनी पदकं आणली. आता तर धमालच व्हायला हवी.

रिंकवरून आठवलं. शिमल्याची रिंक बघितली आहे का? 1920 सालची! यंत्र नाही, छप्पर नाही. संध्याकाळी जमिनीवर पाणी मारायचं, रात्री थंडीने ते गोठतं, सकाळी स्केटिंग. आभाळ ढगाळलं की रिंकची सुट्टी. शंभरी पार केलेली म्हातारी, पण अजून गुळगुळीत!

थोडी झलक जवळपासच हवी? कुर्ल्याच्या मॉलमध्ये स्नो वर्ल्ड आहे. खोपोलीला इमॅजिकाचा स्नो पार्क आहे. हैदराबादचं स्नो वर्ल्ड तर 2004 पासूनचं. आत शून्याखाली तापमान, भाड्याचा कोट, भाड्याचे बूट, आणि लहानग्यांसाठी घसरगुंडी. खरी स्की नाही, पण बर्फ हाताला कसा लागतो ते कळतं. ट्रेलर समजा.

औली, सोलंग, सिस्सू: कुठे घसरू?

औली, उत्तराखंड. समोर नंदादेवी, 7,816 मीटर, पूर्ण थाटात. जोशीमठ ते औली सुमारे चार किलोमीटरचा रोपवे आहे, पण 2023 च्या जानेवारीत जोशीमठची जमीन खचू लागली आणि तो बंद करावा लागला. घरांना तडे, माणसं छावण्यांत. बर्फाची मजा ज्या डोंगरावर करायची, तो डोंगर किती नाजूक आहे ते त्या महिन्यात सगळ्या देशाने बघितलं. औलीला रस्त्यानेही जाता येतं. गढवाल मंडल विकास निगम तिथे सात आणि चौदा दिवसांचे स्की कोर्स चालवतं.

आणि हा बोनस नग! अंटार्क्टिकाला जाणारे भारतीय शास्त्रज्ञ आधी बर्फाचं ट्रेनिंग कुठे घेतात? औलीला, आयटीबीपीच्या, म्हणजे भारत-तिबेट सीमा पोलिसांच्या संस्थेत. आणि या मोहिमा आखणारी राष्ट्रीय संस्था कुठे आहे? गोव्यात, वास्कोला! समुद्राची गाज ऐकत ध्रुवाचं प्लॅनिंग. फिश करी खाऊन पेंग्विनच्या गावाला.

सोलंग, हिमाचल. मनालीच्या डोक्यावर. मनालीची पर्वतारोहण संस्था 1961 पासूनची. आज तिच्या नावात अटलबिहारी वाजपेयी आहेत. इथे बेसिक स्की कोर्स चौदा दिवसांचा. मुक्काम, जेवण, साहित्य, प्रशिक्षक, सगळं एकत्र. मला विचाराल तर शिकायचं असेल तर सरकारी संस्थेतच शिका. तासाभराच्या टुरिस्ट स्कीत फोटो मिळतो, तोल नाही मिळत.

मनालीहून वर जाताना रस्त्याकडेला नंबर लावलेली दुकानं दिसतात. कोट, गमबूट, हातमोजे, सगळं भाड्याने! दुकानाचा नंबर लक्षात ठेवा, परत येताना कोट तिथेच द्यायचा असतो. चौसाळ्याहून निघताना जाड जॅकेट विकत घ्यायची घाई करू नका. लोकरीचे मोजे मात्र घरचे घ्या, दोन जोड जास्त.

सिस्सू, लाहौल. आधी हिवाळ्यात इथे जाणं म्हणजे स्वप्न होतं. रोहतांग खिंड बंद, खोरं बंद. 3 ऑक्टोबर 2020 ला अटल बोगदा खुला झाला, 9.02 किलोमीटर, दहा हजार फुटांवर, आणि बोगद्याच्या पलीकडे थेट बर्फाचं दालन! या बाजूला पाऊस, बाहेर पडलात की हिमवर्षाव, असंही होतं. 2022 मध्ये इथे स्नो मॅरेथॉनसुद्धा झाली.

आणि मॅरेथॉनच म्हणाल तर हे घ्या. 20 फेब्रुवारी 2023, लडाखचं पँगाँग सरोवर. गोठलेल्या तळ्यावर 21 किलोमीटर अर्धमॅरेथॉन, 13,862 फुटांवर. गिनेस बुकात नोंद झाली! पायाखाली बर्फ, बर्फाखाली पाणी, आणि धावणारे बिनधास्त.

स्पीड ब्रेकर नाही!

माहीत आहे का, स्कीवर माणूस किती वेगाने जाऊ शकतो? वंदे भारतची रचना ताशी 180 किलोमीटरची. फ्रान्सच्या सिमॉं बिलीने 2023 मध्ये वार्स इथे स्कीवर ताशी 255.5 किलोमीटर गाठले! इंजिन नाही, पेट्रोल नाही. फक्त उतार आणि गुरुत्वाकर्षण. न्यूटन खूश हुआ!

आपला शिव केशवन आठवतो? मनालीजवळच्या वशिष्ठचा. खेळ ल्यूज, म्हणजे पाठीवर झोपून बर्फाच्या नळीतून सुसाट. 1998 ते 2018, सहा ऑलिंपिक! देशात ल्यूजचा ट्रॅकच नाही, मग काय? स्लेडला चाकं लावली आणि हिमालयातल्या डांबरी रस्त्यावर सराव. समोरून ट्रक, बाजूने मेंढ्यांचा कळप, मधून शिव! 2014 च्या सोचीत तर भारतीय ऑलिंपिक संघटनेवर बंदी होती, तेव्हा त्याला तिरंग्याऐवजी ऑलिंपिकच्या झेंड्याखाली उतरावं लागलं. ते दृश्य टीव्हीवर बघताना खूप वाईट वाटलं होतं.

भारताचा पहिला हिवाळी ऑलिंपियन? जेरेमी बुजाकोव्स्की, 1964, इन्सब्रुक. जन्माने पोलिश, खेळला भारतासाठी, 1968 मध्येही! पहिली महिला? शैलजा कुमार, 1988, कॅल्गरी. स्कीइंगमध्ये देशाला पहिलं आंतरराष्ट्रीय पदक? आंचल ठाकूर, मनालीजवळच्या बुरुआ गावची, 2018 मध्ये तुर्कस्तानात कांस्य. आणि 2022 च्या बीजिंगला भारताकडून कोण गेलं? एकटा आरिफ खान, गुलमर्गच्या पायथ्याच्या टंगमर्ग भागातला. जायंट स्लॅलममध्ये 45 वा. कमी वाटतं? हिमवर्षावात अंधुक दिसणाऱ्या त्या उतारावर बरेच जण शेवटपर्यंत पोचलेच नाहीत!

बिनबर्फाच्या गावांनी तर कमालच केली आहे. जमैकाची बॉबस्लेड टीम 1988 मध्ये ऑलिंपिकला धडकली, कल्पना सुचली होती ढकलगाड्यांच्या शर्यतीवरून! घानाचा क्वामे एनक्रुमाह अचेम्पॉन्ग इंग्लंडमधल्या इनडोअर उतारावर शिकला आणि 2010 मध्ये व्हँकुव्हरला पोचला. टोपणनाव, 'स्नो लेपर्ड'. टोंगाच्या ल्यूजपटूने तर एका अंतर्वस्त्रांच्या ब्रँडचं नावच स्वतःला लावून घेतलं, ब्रुनो बानानी! आणि आपल्याच देशात कर्नाटकच्या कोडगूची भवानी. कॉफीच्या मळ्यांच्या मुलखातली ही मुलगी नॉर्डिक स्कीइंगमध्ये खेलो इंडियाची सुवर्णपदकं घेऊन गेली.

दुबईत कुणी नातेवाईक आहे? बाहेर 45 अंश, आत बर्फ! मॉल ऑफ द एमिरेट्समधलं स्की दुबई 2005 पासून सुरू आहे. सुमारे 400 मीटर लांब उतार, आणि पेंग्विनसुद्धा. वाळवंटात चेअरलिफ्ट, घ्या!

आणि आपल्या मराठी टूर ग्रुपचं लाडकं, स्वित्झर्लंडमधलं युंगफ्राउयोख? 3,454 मीटरवर रेल्वे स्टेशन, 1912 सालचं. डोंगराच्या पोटातून बोगदा खोदायला 16 वर्षं लागली. वर बॉलिवूड नावाचं भारतीय रेस्टॉरंटही आहे, पण पिशवीत चकली-चिवडा नेणं मराठी माणूस काही सोडत नाही, आणि सोडूही नये!

ध्रुवावर नौवारी कनेक्शन

पुण्याची शीतल महाजन. पॅराशूट घेऊन आयुष्यातली पहिली उडी कुठे मारली? सरावाच्या मैदानात? छे! थेट उत्तर ध्रुवावर! 2004, तापमान उणे 37. 2006 मध्ये दक्षिण ध्रुवही झाला. आणि 2018 मध्ये थायलंडच्या आकाशातून नौवारी नेसून उडी! ध्रुवापासून काष्ट्यापर्यंत सगळं डोळ्यांची उघडझाप न करता बघावं असं.

अदिती पंत हे नाव ऐकलं आहे? नागपूरला जन्म, औंध संस्थानच्या पंतांच्या घराण्यातल्या. 1983-84 च्या मोहिमेत अंटार्क्टिकाला गेल्या, सुदीप्ता सेनगुप्ता यांच्यासोबत. भारतीय मोहिमेतून तिथे पाऊल ठेवणाऱ्या पहिल्या महिला या दोघीच! आणि दक्षिण ध्रुवापर्यंत स्कीवर जाणाऱ्या पहिल्या भारतीय महिला रीना कौशल धर्मशक्तू, 2009 च्या डिसेंबरअखेर पोचल्या, सुमारे 900 किलोमीटर घसरत, ओढत, चालत.

बर्फ तिकडे, हुडहुडी इकडे

माहीत आहे का, चौसाळ्यातल्या थंडीचं मूळ भूमध्य समुद्राकडे आहे? तिकडून निघालेले पश्चिमी झंझावात इराण, अफगाणिस्तान ओलांडत येतात आणि हिमालयावर बर्फ ओततात. ते सरकले की उत्तरेकडचे थंड, कोरडे वारे खाली सुटतात. पेपरात हेडलाइन येते, उत्तरेत हिमवर्षाव, महाराष्ट्रात हुडहुडी. अफरवटवर बर्फ पडला की दोन-चार दिवसांत मराठवाड्यात गोधड्या वाढतात. हीच थंडी शाळूच्या कणसात दाणा भरते. स्कीवाला आणि ज्वारीवाला, दोघांनाही एकाच वाऱ्याची वाट!

बर्फ महाराष्ट्रात पडत नाही, पण दव गोठतं. महाबळेश्वरला वेण्णा लेकच्या काठी, लिंगमळ्याला आणि सातपुड्यात तोरणमाळ, डाबच्या बाजूला थंडीच्या पहाटे गवतावर पांढरे हिमकण दिसतात. सूर्य वर आला की गायब. अलार्म लावा!

मराठवाड्याने पांढरी शेतं बघितली आहेत, पण ती आनंदाची नव्हती. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आठवून आजही पोटात गोळा येतो. हातातोंडाशी आलेली रब्बी मातीत गेली.

पण बर्फ शेती तारूही शकतो, आणि म्हणूनच हा नग मला सगळ्यात आवडतो. दहा सेंटिमीटर ताजा बर्फ वितळला तर पाणी किती? जेमतेम एक सेंटिमीटर. तरीही लडाखवाल्यांनी पाण्याचा जुगाड काढला. सोनम वांगचुक यांचा आइस स्तूप! हिवाळ्यात वाया जाणारं ओढ्याचं पाणी पाइपने खाली आणायचं, थंड हवेत कारंज्यासारखं उडवायचं, ते गोठत गोठत शंकूसारखा डोंगर तयार होतो. शंकूला ऊन कमी लागतं, म्हणून तो उशिरा वितळतो. एप्रिल-मेमध्ये, नेमकं पेरणीच्या वेळी, शेताला पाणी! 2013-14 च्या हिवाळ्यात पहिला प्रयोग झाला. 2016 मध्ये रेल्वेने लातूरला पाणी पाठवावं लागलं, ते बघितलेल्या माणसाला हा स्तूप बघायला जायलाच हवं.

बर्फही आता बेभरवशाचा झाला आहे. 2024 च्या जानेवारीत गुलमर्ग कोरडं ठणठणीत पडलं, आणि 2025 चे तिथले खेलो इंडियाचे सामने बर्फाअभावी मार्चवर गेले. म्हणून बुकिंगआधी हवामान बघाच.

निघण्याआधी फटाफट

ताजा बर्फ अतिनील किरणं 80 टक्क्यांपर्यंत परत फेकतो. ऊन वरून आणि खालूनही! हनुवटीखाली, नाकपुड्यांजवळ सनस्क्रीन चोपडा, गॉगल काढूच नका.

जीन्स नको. ओली झाली की वाळत नाही, पाय गारठतात.

पहिल्या दिवशी उतारावर नाही, सपाटीवर चालायला शिकवतात. मग कसं पडायचं आणि कसं उठायचं. मग 'स्नो प्लाऊ': स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब, की वेग कमी. परदेशात पोरांना हेच 'पिझ्झा' म्हणून शिकवतात. बूट घट्ट आणि ताठ असतात, पण पडल्यावर स्की आपोआप सुटतात, पाय मुरगळू नये म्हणून.

गंडोलाची तिकिटं ऑनलाइन काढा, दोन्ही टप्प्यांची वेगवेगळी. स्लेज, स्नो बाइक, गाइड, जे घ्याल त्याचा भाव आधी ठरवा. आणि आखलेल्या उताराबाहेर अजिबात नाही! 2024 च्या फेब्रुवारीत गुलमर्गला हिमस्खलनात एका परदेशी स्कीपटूचा जीव गेला. बर्फ मऊ दिसतो, पण वजनाने डोंगर हलवतो.

सीझन? गुलमर्ग डिसेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत, औली जानेवारी ते मार्चचा पहिला आठवडा, सोलंग जानेवारी-फेब्रुवारी. सरकारी स्की कोर्सच्या जागा मोजक्याच असतात आणि भराभर भरतात. त्यामुळे दिवाळीचा फराळ संपताच मनालीच्या संस्थेची वेबसाइट उघडा, डॉक्टरांकडून फिटनेस सर्टिफिकेट घ्या आणि फॉर्म ठोका!